ढकलणारा पट्टा : मोटारीचा सीव्हीटी गिअरबॉक्स उघडताना

मंडळी, गेल्या वेळी आपण अवयव आणि अवयवी यांच्यापाशी थांबलो होतो. वस्तू म्हणजे तिच्या भागांची बेरीज, की त्या भागांहून काही वेगळं? तोच धागा आज आम्ही जरा तेलकट ठिकाणी नेणार आहोत. विषय आहे मोटारीतला सीव्हीटी गिअरबॉक्स, आणि तो दुरुस्तीसाठी उघडणं. तत्त्वज्ञानाच्या मास्तरने हे कशाला सांगावं, असं काहींच्या मनात येईल. त्याचं उत्तर पुढे आपोआप मिळेल. तूर्त एवढंच, की हा बॉक्स बिघडला की ‘उघडत नाही, अख्खा बदला’ असं उत्तर बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं. गाडी सात-आठ वर्षांची असेल, तर नव्या बॉक्सचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो. मध्यमवर्गीय घरात त्या आकड्याने झोप उडते. म्हणून ‘उघडता येत नाही’ हे विधान खरं आहे का, हे तपासणं भाग आहे.

आधी हा प्रकार आहे काय ते पाहू. तुमच्यापैकी बहुतेकांनी सीव्हीटी चालवलेला आहे, फक्त ते नाव ठाऊक नसेल. १९८० च्या दशकात पुण्याच्या रस्त्यांवर कायनेटिक होंडा आली, आणि क्लच दाबून मूठ फिरवणाऱ्या लोकांना प्रश्न पडला की हिचे गिअर गेले कुठे? आजच्या पेट्रोलवरच्या बिनगिअरच्या स्कूटर त्याच तत्त्वावर चालतात. डाव्या बाजूचं झाकण काढलं की दोन पुल्या दिसतात आणि त्यांच्यावर रबरी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन उतरत्या तबकड्या. तबकड्या जवळ आल्या की पट्टा काठाकडे चढतो, लांब गेल्या की आत आसाकडे बुडतो. पुढच्या पुलीत गोल वजनं असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि तबकडीला रेटतात. पट्टा पुढे वर चढला, की त्याची लांबी ठरलेली असल्यामुळे मागे त्याला आत बुडावंच लागतं. मागची स्प्रिंग तेवढी दबते. म्हणजे पुढे लहान चक्र आणि मागे मोठं, इथून सुरुवात होऊन हळूहळू उलटं होत जातं. मधे कुठे पायरी नाही. जिना आणि उतार यांतला फरक म्हणा.

मोटारीत हे पहिल्यांदा यशस्वीपणे आणलं ते हॉलंडमधल्या हुब व्हान डोर्न यांनी. त्यांच्या डाफ कंपनीची छोटी गाडी १९५८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यातही रबरी पट्टेच होते. त्या गाडीची एक गंमत अशी, की रिव्हर्समध्येही पुल्या आपलं पूर्ण काम करत, त्यामुळे ती मागे जवळजवळ पुढच्याच वेगाने धावू शकत असे. डच लोकांनी पुढे तिच्या उलट्या शर्यती लावल्या! असो. रबर मोठ्या इंजिनाची ताकद पेलेना, म्हणून पोलादी पट्ट्याचा शोध सुरू झाला. त्यासाठी निघालेली व्हान डोर्न यांची वेगळी कंपनी टिलबर्गला होती. १९८७ साली जपानी सुबारू जस्टी या गाडीत तो पट्टा बाजारात आला. आपल्याकडे आज रस्त्यावर असलेल्या बऱ्याच सीव्हीटी मोटारींमध्ये याच घराण्याचा पट्टा आहे. काहींत त्याऐवजी साखळी असते. तिचा विचार आज करत नाही.

आता या पट्ट्याकडे नीट बघा, कारण आजच्या विषयाचं मर्म इथे आहे. तो अखंड नाही. पोलादाचे साधारण ४०० पातळ तुकडे एकामागे एक उभे केलेले असतात. प्रत्येक तुकडा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, त्याला डोकं आहे, मान आहे, खांदे आहेत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत पोलादी कड्यांचे दोन जुडगे बसतात. एका जुडग्यात ९ ते १२ कडी, एकात एक घट्ट बसवलेली, आणि एकेक कडं सुमारे ०.२ मिलिमीटर जाड. तुकडे कड्यांना वेल्ड केलेले नाहीत, रिव्हेट नाहीत, काही नाही. नुसते बसवलेले. हा पट्टा हातात घेऊन सैल सोडला तर तुकडे सरकतात, वाकडा धरला तर गळूनही पडतात.

मग हा ताकद कसा नेतो? तर ढकलून. सायकलची साखळी ओढते, पिठाच्या गिरणीचा पट्टा ओढतो. हा मात्र मुख्यतः ढकलतो. पुढची पुली तुकड्याला रेटते, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. चारशे जणांची रांग एकमेकांच्या पाठीला हात लावून उभी आहे, आणि मागून कुणी लोटलं की अगदी पुढचा माणूस हलतो, तसं. कड्यांचं काम रांग वाकडी होऊ न देण्याचं.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवी सिद्ध करताना एक युक्तिवाद येतो. एखाद्या वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते, त्याअर्थी भागांहून वेगळं असं एक ‘अख्खं’ आहे. यावर खुद्द भाष्यकार वात्स्यायनच शंका काढतात. ते म्हणतात, ही धरण्या-ओढण्याची किमया अवयवीची नाही, ती चिकटून राहण्याच्या गुणाची आहे. धुळीचा ढीग ओढता येत नाही, पण लाखेने चिकटवलेलं गवत आणि लाकूड ओढता येतं, म्हणून काय ती एक वस्तू झाली? आमच्या मते या पट्ट्याने या वादाला तिसरंच वळण दिलं असतं. याचा एक तुकडा ओढला तर एकच तुकडा हातात येतो, आणि एक ढकलला तर सगळे हलतात. ओढण्याच्या कसोटीवर हा ढीग आहे, ढकलण्याच्या कसोटीवर एक वस्तू आहे. मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल विचारलेले प्रश्न तुम्हाला आठवतील. इथे ते फार गोड वाटत नाहीत, कारण टेबलावर सांडलेले ४०० तुकडे पुन्हा ओवायचे म्हणजे एक दुपार जाते.

आणखी एक गोष्ट. हे सगळं पोलादावर पोलाद आहे, आणि तेही तेलात बुडालेलं. तरी घसरत नाही, कारण पुलीच्या तबकड्या तेलाच्या दाबाने पट्ट्याला जबरदस्त आवळून धरतात, आणि त्या तेलाची घडणच अशी केलेली असते की धातू झिजू नये पण पकडही सुटू नये. वैशेषिकांनी ‘स्नेह’ हा पाण्याचा गुण मानला आणि त्याचं काम सांगितलं ते कणांना एकत्र धरून ठेवण्याचं. आपण मात्र स्नेह म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे घसरणं, असं धरून चालतो. सीव्हीटीचं तेल पहिल्या अर्थाने स्नेह आहे. म्हणून ‘ऑटोमॅटिकचं कुठलंही तेल चालतं’ असं सांगणाऱ्याच्या हाती हा बॉक्स देऊ नये. चुकीच्या तेलाने पट्टा घसरतो, आणि एकदा पोलाद पोलादावर घसरलं की दोघांच्या अंगावर ओरखडे उठतात. ते पुसता येत नाहीत.

आता उघडण्याकडे वळू. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीचं हे झालं. साठच्या वेगाला घूं-घूं असा आवाज, आणि सिग्नलवरून निघताना हिसके. एका सेवा केंद्राने पाच मिनिटांत ‘बॉक्स बदला’ सांगितलं. ते गृहस्थ मग हडपसरच्या बाजूला एका गॅरेजवाल्यांकडे गेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. आम्ही सोबत गेलो आणि उस्तादांच्या परवानगीने दोन-तीन दिवस स्टूल टाकून बसलो.

पहिला धडा असा, की पहिल्या दिवशी पाना लावलाच नाही. आधी अनुमान. धूर आहे म्हणून आग आहे, हे आपण वर्षानुवर्षं शिकवलं. पण हिसका आहे म्हणून पट्टा गेला, यात व्याप्ती कुठे आहे? हिसका टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचमुळे येऊ शकतो, जुन्या तेलामुळे येऊ शकतो, इंजिनाच्या पायाचं रबर फाटलं तरी येतो. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. उस्ताद म्हणाले, ‘‘सर, आवाजावरून बॉक्स खोलणारे लई आहेत.’’ त्यांनी स्कॅनर जोडला, गाडी रस्त्यावर नेली आणि तीन आकडे बघत राहिले : इंजिनाचे फेरे, पहिल्या पुलीचे फेरे, दुसऱ्या पुलीचे फेरे. लॉक-अप लागलेला असताना पहिले दोन जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर संशय कन्व्हर्टरवर किंवा पुढे नेणाऱ्या क्लचवर. पहिल्या आणि दुसऱ्या पुलीचं गुणोत्तर हळूहळू बदलायला हवं, कारण तबकड्यांना सरकायला वेळ लागतो. ते एका क्षणात उडी मारत असेल तर पट्टा घसरला. शिवाय कंप्युटरने मागितलेला तेलाचा दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब. इथे पुल्यांचं गुणोत्तर नीट होतं, पण दाब मधेच कमी होऊन पुन्हा सावरत होता. मग हिसका दाबाचा असण्याची शक्यता वाढली, आणि आवाज वेगळ्याच कारणाचा.

मग तेल काढलं आणि खालचं चेंबर उतरवलं. चेंबरमध्ये लोहचुंबक असतात. त्यांच्यावर मऊ, करड्या लोण्यासारखा थर असतो, तो चालण्याचीच खूण आहे, घाबरायचं कारण नाही. पण बोटांत चोळल्यावर टोचणारे, चमकणारे कण मिळाले तर आत कुणीतरी सोलवटतंय. तेलाचा नुसता रंग बघून निष्कर्ष काढू नये, कंपनीगणिक रंग वेगळा असतो. करपल्याचा वास मात्र खोटं बोलत नाही. या गाडीत वास नव्हता, कण होते. तेव्हा ठरलं की उघडायचं.

बॉक्स गाडीतून उतरवण्याचं काम कष्टाचं आहे, विचाराचं फारसं नाही. बॅटरी सोडायची, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, इंजिन वरून टांगून धरायचं आणि टॉर्क कन्व्हर्टरसकट बॉक्स खाली घ्यायचा. त्यानंतर जे केलं ते आम्हाला महत्त्वाचं वाटलं : बंद बॉक्स बाहेरून धुऊन अगदी लख्ख केला. आतल्या व्हॉल्व्हच्या नळ्या इतक्या बारीक असतात की बाहेरच्या चिखलाचा एक कण पुरतो. धागे सुटणारं फडकंही टेबलावर येऊ दिलं नाही. गॅरेजमधली कॉटन वेस्ट त्या दिवसापुरती कपाटात बंद.

चेंबर आधीच निघालं होतं. त्याखाली गाळणी, आणि तिच्यावर व्हॉल्व्ह बॉडी. हा या यंत्राचा मेंदू नव्हे, मज्जासंस्था म्हणा. मेंदू म्हणजे कंप्युटर बाहेर असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात नाल्यांचा चक्रव्यूह, त्यात सरकणारे बारके व्हॉल्व्ह आणि विजेवर उघडझाक करणारे सोलेनॉइड. तिचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर आवळताना आतलं काहीतरी फोडतो. उस्तादांच्या हाताखालचा मुलगा एका पुठ्ठ्यावर ठोकळ्याची आकृती काढून, जिथला बोल्ट तिथेच खोचत होता. मोबाईलवर फोटो काढता येतो हे त्याला माहीत होतंच, त्याने तेही काढले. पण पुठ्ठ्यावर एक भोक रिकामं राहिलं तर ते लगेच दिसतं, फोटोत दिसत नाही.

मग घराचे, म्हणजे केसिंगचे, दोन भाग. बोल्ट एका बाजूने सरळ सोडत जायचं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे. जोडावर लावलेलं सीलंट सुटायला प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक करायचं. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, कारण त्या कडेवर एक चर पडली की ती आयुष्यभर गळते. झाकण उचललं की डिफरन्शियल, तेलाचा पंप, पुढे-मागे जाण्याचा ग्रहमालेसारखा गिअर आणि त्याचे क्लच असं सगळं एकेक करून निघतं. क्लच जागेवर असताना त्याच्या भोकातून हवा मारली की पिस्टन ‘टप्’ करून हलला पाहिजे. हलला, म्हणजे आतलं सील शाबूत आहे. न उघडता कळणाऱ्या गोष्टी न उघडताच जाणून घ्यायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता.

शेवटी राहतात त्या दोन पुल्या आणि त्यांच्यात तो पट्टा. गाडी थांबलेली असते तेव्हा पट्टा दुसऱ्या पुलीवर काठाशी चढलेला असतो, आणि आतली दणकट स्प्रिंग त्या तबकड्या मिटून धरते. त्यामुळे पट्टा ताठ बसलेला असतो, हाताने निघत नाही. हत्यार लावून दुसऱ्या पुलीच्या तबकड्या फाकवाव्या लागतात. पट्टा तिथे आत बुडतो आणि सैल पडतो. सैल पडला की लगेच त्याला दोन-तीन ठिकाणी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधायचं, आणि फिरण्याची दिशा खुणेने नोंदवायची. उलटा बसवलेला पट्टा बसतो खुशाल, पण तो ज्या दिशेने घासून तयार झाला त्याच्या विरुद्ध चालायला लागतो. दुसरी पुली मात्र प्रेसखाली दाबून धरल्याशिवाय खोलायची नाही. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होईल. सरकती तबकडी आसावर छर्ऱ्यांवरून सरकते, तो छर्रा घरंगळून नाहीसा झाला तर शोधेपर्यंत काम बंद.

आणि निघालं काय? एका आसाच्या बेअरिंगच्या कड्यावर खळगे पडले होते. आवाज त्याचा. तिथून सुटलेले कण तेलाबरोबर फिरून दाब सांभाळणाऱ्या एका व्हॉल्व्हच्या भोकाला ओरबाडून गेले होते. हिसका त्याचा. एक कारण, दोन लक्षणं, आणि मधे तेलाचा प्रवास.

खरा प्रश्न इथून पुढे होता. पट्ट्यावर आणि तबकड्यांवर फिकट रेषा दिसत होत्या. पट्टा बदलायचा म्हटलं तर पुल्याही बदलाव्या लागतात आणि खर्च पुन्हा नव्या बॉक्सच्या घरात जातो. तसाच ठेवला आणि तो सहा महिन्यांत घसरला, तर सगळी मेहनत पाण्यात. उस्तादांनी स्नेह्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘‘तुमचं नख फिरवून बघा, साहेब. अडकतंय का?’’ अडकत नव्हतं. मग भिंगातून ४०० तुकड्यांच्या कडा बघितल्या, कडी कुठे चिरलीत का ते बघितलं. तासभर गेला. पॉलिश करून रेषा घालवा, असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा उस्ताद हसले. तबकडीचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक खरबरीत ठेवलेला असतो, पकड त्याच्यामुळेच. आरशासारखी केली तर दिसायला छान, धरायला निकामी.

निर्णय असा झाला : सगळी बेअरिंगं, सीलं, गाळण्या नव्या, व्हॉल्व्ह बॉडी दुसरी, तेल कंपनीने सांगितलेलंच, पट्टा आणि पुल्या त्याच. आणि उस्तादांनी स्पष्ट सांगितलं की पट्ट्याची हमी ते देत नाहीत. आम्हाला हे वाक्य फार मोलाचं वाटलं. ‘उघडत नाही’ म्हणणाऱ्याने आपल्या अज्ञानाला नियमाचं रूप दिलं होतं. उस्तादांनी आपल्या ज्ञानाची हद्द आखून दाखवली, आणि हद्दीपलीकडचा धोका कुणाचा हे पैसे घेण्याआधी सांगितलं. अंदाजपत्रक नव्या बॉक्सच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं होतं.

जोडणीबद्दल थोडंच सांगतो. क्रम उलटा, बाकी शिस्त तीच. पण यंत्र जुळलं म्हणजे गाडी जुळली असं नाही. व्हॉल्व्ह बॉडी बदलली तर तिचे मोजमापाचे आकडे कंप्युटरला द्यावे लागतात, नाहीतर तो जुन्या मेंदूने नव्या हातपायांना हुकूम सोडत राहतो. तेलाची पातळीही थंड असताना मोजून चालत नाही, ठरलेल्या तापमानाला मोजावी लागते. आणि इथेच छोट्या गॅरेजवाल्यांची कोंडी होते. पाने त्यांच्याकडे आहेत, हात आहेत, डोकं आहे, पण ते आकडे आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या कुलपात. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काबद्दल समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारीही होत्या. आमचं मत विचाराल तर, वस्तू विकणारा तिच्या दुरुस्तीचं ज्ञान स्वतःपाशी ठेवतो तेव्हा त्याने ती पूर्ण विकलेलीच नसते.

ती गाडी सव्वा वर्ष चालते आहे. पट्टा अजून ढकलतो आहे.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली : घरी उघडता येईल का? चेंबरमधलं तेल बदलणं, चुंबक बघणं, हे जाणत्याच्या देखरेखीखाली येईल. दुसऱ्या पुलीची स्प्रिंग घरी नको. दुसरी चिठ्ठी : गाडी बंद पडली तर दोरीने ओढून नेली तर चालेल का? नाही. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि चाकं फिरली की आतला बॉक्स कोरडाच फिरतो. पुढच्या चाकांची गाडी असेल तर पुढची दोन्ही चाकं उचलूनच न्यावी, किंवा सरळ ट्रकवर चढवावी. फोन करतानाच टोइंगवाल्याला गाडी सीव्हीटी आहे हे सांगा, म्हणजे तो दोरी घेऊन येणार नाही.